तुझ्या नावाचा दंड

सोपान, तुझं बीपी मी माझ्या दंडावर मोजून घेतलं.

लिहून झालं एकदाचं. गेले पाच आठवडे मी हे एवढंच वाक्य लिहायला बसत होतो आणि भलतंच काहीतरी लिहून उठत होतो. एकदा 'त्याचं असं झालं की' अशी सुरुवात केली. एकदा 'चूक कधी कुणा एकाची नसते' असं लिहिलं, आणि वाचून माझं मलाच हसू आलं. चूक एकाचीच होती आणि तो एक मी. तू समोर असतास तर म्हणाला असतास, "सुव्या, मुद्द्यावर ये. गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी च्या पाजतोस, तसं माझ्यासंगं करू नको."

तर मुद्द्यावर येतो.

परवाच्या सालचा अश्विन. गावात तीस वर्षांवरच्या झाडून सगळ्यांचं बीपी आणि साखर तपासायची मोहीम निघाली होती. मी आरोग्य समितीत होतो. का होतो, तर समितीत एक सदस्य कमी पडत होता आणि समितीची सभा माझ्या दुकानासमोरच्या पारावर भरायची. तेवढी पात्रता पुरली. शुक्रवारी तालुक्याहून साहेब येणार होते आणि 'शंभर टक्के तपासणी झालेलं गाव' असा बोर्ड पंचायतीच्या भिंतीवर लागणार होता. बोर्ड आधीच रंगवून आला होता. तो माझ्याच दुकानात, साखरेच्या पोत्यांना टेकवून ठेवला होता. येणारा-जाणारा वाचायचा आणि विचारायचा, "शेठ, झालं का शंभर?"

गुरुवारी दुपारपर्यंत यादीत एकच नाव राहिलं होतं. तुझं.

मंगलताई, आपली आशा सेविका, तुझ्यासाठी चार खेपा घालून आली होती. पहिल्या खेपेला तू उसात. दुसऱ्या खेपेला जुन्नरला. तिसऱ्या खेपेला सरूवहिनी म्हणाल्या, "आत्ताच गेले बाहेर," आणि तुझ्या चपला दारातच. चौथ्या खेपेला तू तिला लांबून बघितलंस आणि पाण्याच्या टाकीवर चढून बसलास. त्रेसष्टाव्या वर्षी! ताई खाली उभी, तू वर. ती म्हणाली, "काका, खाली या, नुसता पट्टा लावायचाय." तू वरून ओरडलास, "टाकीत पाणी किती हाय ते बघतोय, तू जा पुढं." ताई दुकानात आली, घाम पुसत ओट्यावर बसली आणि म्हणाली, "शेठ, बिबट्या पिंजऱ्यात यील एकवेळ, सोपानकाका न्हाई यायचे."

तिला वाटत होतं तू हट्टी आहेस. खरं कारण मला माहीत होतं. तीस वर्षं तू एसटी चालवलीस आणि तीस वर्षं त्या पट्ट्याला भ्यालास. तुझ्याबरोबरच्या एका ड्रायव्हरचं बीपी वाढलेलं निघालं आणि त्याला स्टेअरिंगवरून उठवून डेपोत बसवलं. तो दिवसभर फाटकाशी बसून जाणाऱ्या गाड्या बघायचा, असं तू सांगायचास. तेव्हापासून मेडिकल जवळ आलं की तू आठ-आठ दिवस उपाशीपोटी लसूण खायचास. सगळ्या गाडीला वास. "त्यो पट्टा दंडाला लागला का माझी गाडी जाती, सुव्या," असं तू म्हणायचास. मग रिटायर झालास. गाडी गेली, पट्ट्याची भीती तेवढी राहिली. एवढं सगळं मला माहीत होतं. तुला हाताला धरून नेऊ शकला असता असा गावात एकच माणूस होता, आणि तो बोर्डाची चिंता करत बसला होता.

त्या दुपारी उपकेंद्राच्या ओट्यावर टेबल मांडलेलं. टेबलाशी नवी आलेली सिस्टरबाई, लातूरकडची. तिला गावात कुणाचा चेहरा ठाऊक नाही. मंगलताई मळ्यात कुणालातरी आणायला गेलेली. मी आपला समितीचा माणूस म्हणून लुडबुड करत उभा. बाईनं यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एकच राहिलेत. सोपान. आलेत का सोपान?"

मी म्हणालो, "हजर."

शपथ घेऊन सांगतो, ठरवून नाही म्हणालो. तोंडातून निघून गेलं. तिसरीत असताना मी वडिलांच्या दुकानात गूळ फोडत बसायचो आणि वर्गात माझं नाव पुकारलं की तू आवाज बदलून 'हजर' म्हणायचास. एकदा गुरुजींनी पकडलं. छडी तुला बसली आणि हजेरी मला लागली. पुढेही आपलं तेच चाललं. ग्रामसभेला कोरम भरायचा असला की माझी सही तू करायचास, तुझी मी. नारायणगावच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून एकानं रुमाल टाकायचा, जागा दुसऱ्यानं घ्यायची. आपल्या गावात माणसाच्या जागी माणूस उभं राहणं याला लबाडी म्हणत नाहीत, शेजारधर्म म्हणतात. त्या दिवशी मी तुझ्या नावावर रुमाल टाकला, एवढंच मला वाटलं.

खुर्चीवर बसलो. डावी बाही वर केली. बाईनं पट्टा गुंडाळला, फुगवला आणि तिचा चेहरा खुलला.

"एकशेअठरा, शहात्तर! काका, या वयात असं बीपी! खाता काय तुम्ही?"

आता ऐक. त्या दिवशी माझ्या आयंबिलाच्या ओळीचा आठवा दिवस होता. आम्हा जैनांत ओळीला नऊ दिवस एकदाच जेवायचं, त्यात मीठ नाही, तेल नाही, तूप-साखर काहीच नाही. नुसतं उकडलेलं. आठ दिवस अळणी खाऊन माझं रक्त संन्याशासारखं शांत झालं होतं. ओळीच्या आधी मंगलताईनं माझं स्वतःचं मोजलं होतं तेव्हा ते दीडशेच्या वर होतं. ते कार्ड मी गल्ल्याच्या खालच्या खणात ढकलून दिलं होतं.

"मीठ सोडलंय," मी बाईला म्हणालो. त्या खुर्चीवर बसून मी बोललेलं तेवढंच खरं.

बाईनं रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांना सांगितलं, "बघा, सोपानकाकांसारखं राहायला शिका." म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. खरं तर मला लाज वाटायला हवी होती, पण मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. तुझ्या नावानं का होईना, कुणीतरी माझ्या तब्येतीचं कौतुक केलं होतं.

ती बाई सहा महिन्यांत बदलून गेली म्हणून वाचलो. तोवर दोनदा दुकानात आली आणि "काय सोपानकाका, बरं ना?" म्हणाली. दोन्ही वेळा मी गल्ल्याखाली वाकून नसलेलं काहीतरी शोधत बसलो.

त्या संध्याकाळी तू नेहमीसारखा चारच्या पुढे आलास, तांदळाच्या गोणीवर बसलास, आणि मी तुझ्या हातात तुझं कार्ड ठेवलं. हिरव्या शाईत 'नॉर्मल' लिहिलेलं. सगळं रंगवून सांगितलं. तू इतका हसलास की ठसका लागला.

"दंड तुझा, नाव माझं," तू म्हणालास. "म्हंजे उद्या मी मेलो तर तिरडीवरबी तूच झोप."

मी पण हसलो. सोपान, मी किती मोठ्यानं हसलो ते आठवलं की आता कान झाकून घ्यावेसे वाटतात.

हसणं झाल्यावर मी तुला म्हणालो का, की गंमत झाली ती झाली, आता उद्या जाऊन खरं मोजून घे? मंगलताईला मी सांगितलंय की म्हणालो. माझ्या पोरांनाही तेच सांगितलंय. गेल्या महिन्याभरात इतक्या वेळा सांगितलंय की माझाही जवळजवळ विश्वास बसला. तुला खोटं कशाला सांगू? नाही म्हणालो. बोर्ड लागणार होता ना शुक्रवारी.

बोर्ड लागला. मला शाल आणि नारळ मिळाला. तू गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवल्यास आणि मला डोळा मारलास.

*

आपला मिठावरून वाद होता तो तसाच राहिला. समितीनं दिलेला 'मीठ कमी खा' असा कागद मी दुकानात लावला होता, आणि खिळा मोकळा होता तो नेमका मिठाच्या पोत्याच्या वर. तू रोज खारे दाणे खात-खात तो कागद मोठ्यानं वाचायचास. "सुव्या, हितं मीठ कमी खा, आन खाली मीठ इकत घ्या. एकाच भिंतीवर दोन तोंडं?" मी म्हणायचो, कागद समितीचा आहे, पोतं दुकानाचं आहे. तू म्हणायचास, "आन दाणे?" मी म्हणायचो, "दाणे मैत्रीचे." आणि मूठभर जास्त घालायचो. मापाच्या वर माझा हात फक्त तुझ्यासाठी सुटायचा, आणि तोही खारट.

दुसरा वाद मिठाएवढा गमतीचा नव्हता. त्यात तू बरोबर होतास आणि मी तुला गावासमोर खाली बसवलं.

बोर्ड लागल्यानंतरची ग्रामसभा. तू उठून उभा राहिलास. सभेत तू कधी बोलायचा नाहीस, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. तू म्हणालास, "मोजलं ते चांगलं केलं. पन पुढं काय? शिवारात बिबट्या किती हायेत ते मोजून गेलं, आन पिंजरा लावलाच न्हाई, तर मोजनीचा काय उपेग? गोळ्या हायेत उपकेंद्रात, न्हाई म्हनत न्हाई मी. पन त्या वाटत्यात बुधवारी. बुधवारी मानूस रानात. गोळ्या बाजाराच्या दिवशी ठिवा. मीठमिरची न्यायला मानूस येतोच, गोळीबी नील. आन ज्याची गोळी चुकली, त्याच्या दाराशी कुनीतरी जावा."

मग तू त्या म्हातारीचं सांगितलंस. तळेघरच्या वरच्या एका वस्तीवरची. तुझी तळेघरची गाडी होती तेव्हाची गोष्ट. ती डोंगरातून चालत सडकेला यायची, तुझ्या गाडीत बसून मंचरला जायची, बीपीची गोळी घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. एका गोळीच्या पुडीला आख्खा दिवस. भाताच्या लावणीत तिचे दोन महिने चुकले. तिसऱ्या महिन्यात वळणावर उभी दिसली तेव्हा तोंड वाकडं झालं होतं आणि सुनेनं दंडाला धरलं होतं. "मी त्या वळनावर गाडी हळू करायचो," तू म्हणालास, "ती यायची बंद झाल्यावरबी करायचो. सवय."

ठराव होण्याच्या बेतात होता. तुझं खरं आहे हे मलाही कळत होतं. पण बोर्डाला आठवडा झाला होता, साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती, आणि तू शंभरानंतर काय असं विचारत होतास. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "डायवर, गाडी सुटली! बसा खाली."

सगळी सभा हसली. तूही हसलास. बसलास. ठराव राहिला.

विनोद करून माणसाला खाली बसवणं मला लहानपणापासून येतं, सोपान. त्या एका कलेचा मला जन्मभर अभिमान होता. तू बसलास तेव्हा तुझा हात खिशावर गेला. त्या खिशात ते कार्ड होतं का? मला उगाच वाटतं की होतं.

एक मात्र मला अजून सुटत नाही. त्या म्हातारीच्या गोळीसाठी तू सभेत उभा राहिलास, मग स्वतःच्या दंडासाठी टाकीवर का चढलास? हे मी तुला विचारायला हवं होतं. उत्तर तुझ्याकडे नसतंच बहुतेक. माझ्याही खणात कार्ड होतंच की.

*

यंदाच्या थंडीत तुला चढावर दम लागायला लागला. मळ्यातून घरी येताना तू चिंचेखाली थांबायचास आणि चिंचा बघतोय असं दाखवायचास. वहिनी एकदा डाळ न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भावजी, ह्यांचं काय खरं वाटत न्हाई मला. दवाखान्यात चला म्हनलं तर कार्ड काढून दाखवत्यात. त्यावर चांगलं लिवलंय म्हना."

मी डाळ तोलत होतो. काटा स्थिर व्हायची वाट बघत होतो. म्हणालो, "हो ना."

सगळ्यात मोठी चूक ही. खुर्चीवर बसलो ती मूर्खपणाची होती, सभेत बोललो ती गर्वाची होती. ही दोन अक्षरांची होती आणि पूर्ण शुद्धीत केलेली. त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, वहिनी, ते कार्ड माझं आहे. वडील म्हणायचे, मापात खोट असली तर दुकानात देव राहत नाही. वहिनींची डाळ मी तोळ्यानंही कमी दिली नाही. तुझं माप तेवढं खोटं देऊन पाठवलं.

माघातला तो सकाळचा दहाचा सुमार. तू दुकानाच्या पायरीपाशी आलास, आत आलाच नाहीस. उंबऱ्याला धरून उभा राहिलास. थंडीचे दिवस आणि तुझ्या कपाळावर घाम. म्हणालास, "सुव्या, हात जड झालाय." आणि डावा हात पुढे केलास. त्या खुर्चीवर बसून मी तुझ्या नावानं पुढे केला होता तोच, डावा.

पिकअपमधून तुला नारायणगावला नेलं. वहिनी मागे, तुझं डोकं मांडीवर घेऊन. दवाखान्यात डॉक्टरांनी तुझ्या छातीला वायरी लावायला घेतल्या आणि विचारलं, "आधी बीपीचा त्रास? गोळ्या चालू होत्या?"

वहिनींनी कमरेची पिशवी काढली. त्यातून रेशनकार्ड, आधार कार्ड आणि मग ते कार्ड. दोन्ही हातांनी डॉक्टरांच्या पुढे धरलं. "न्हाई साहेब. हे बघा, तपासलंय. चांगलं हाय."

डॉक्टरांनी बघितलं. मी तिथेच उभा होतो, हाताच्या अंतरावर. आणि मी काही बोललो नाही. तू पडल्या पडल्या माझ्याकडे बघितलंस. रागानं असतं तरी बरं झालं असतं. शाळेत छडी खाल्ल्यावर बघायचास तसं बघितलंस, सांगू नको अशा नजरेनं. तू मला वाचवत होतास, सोपान. त्या वेळीसुद्धा.

ईसीजीची पट्टी बघून त्यांनी लगेच पुण्याला हलवायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये तुझ्याजवळ मी बसलो, वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी. कळंब गेलं, मंचर गेलं. तीस वर्षं ज्या रस्त्यावर तू बसून गेलास, त्यावर तू पहिल्यांदा झोपून जात होतास. मला तेव्हा तुला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण मी म्हणालो, "बोलू नको, दम खा." बोलत कोण होतं? मीच.

खेडच्या घाटाच्या चढाला गाडी कुंथायला लागली. तुझे डोळे मिटलेले. ओठ हलले म्हणून मी कान खाली नेला.

"गेर बदल म्हनावं त्याला," तू म्हणालास. "दुसरा टाक म्हनावं."

मी पुढे ओरडून सांगितलं. त्या पोरानं मागे वळून बघितलं आणि खरंच दुसरा टाकला. गाडी मोकळी झाली. मी तुला सांगायला वळलो, तर सांगायला तू नव्हतास.

*

दहाव्यानंतर मी नारायणगावला त्या डॉक्टरांकडे एकटाच गेलो. सगळं सांगितलं. दवाखान्यात जाऊन पापाची कबुली देणारा मी त्यांना पहिलाच भेटलो असणार. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या दिवशी कार्डामुळे काही बिघडलं नाही. आम्ही ईसीजी बघून पुढे पाठवलं." मी जो श्वास सोडला तो दारापर्यंत पुरला. दाराशी त्यांनी थांबवलं. म्हणाले, "पण आधीपासून गोळी चालू असती, तर कदाचित हा दिवस इतक्या लवकर आला नसता. कदाचित हं. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही."

तो 'कदाचित' मी घरी घेऊन आलो. अजून तो माझ्याकडेच आहे.

मंगलताईला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "शेठ, मी चार खेपा घातल्या व्हत्या. पाचवी घालनार व्हते, त्यांना टाकीवरनं उतरवूनच आननार व्हते. यादीवर खूण दिसली म्हणून न्हाई घातली." आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली. म्हणजे माझ्या शंभर टक्क्यांनी तुझी पाचवी खेप खाल्ली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. त्या ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. मी सुपाच्या पलीकडे बसलो. या वेळी चहाआधी बोललो. सगळं सांगितलं, टेबल, खुर्ची, आयंबिलाची ओळी, एकशेअठरा-शहात्तर, डाळ तोलताना म्हणालेलं 'हो ना'. त्यांचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर त्या उठल्या, आत गेल्या, पिशवीतून ते कार्ड आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि पुन्हा आत गेल्या. त्या बाहेर येतील म्हणून मी बसून राहिलो. समोर सुपात अर्धवट सोललेला हरभरा. कुणी आलं नाही. मग मी कार्ड उचललं आणि आलो.

त्या दिवसापासून तुझ्या घरचं कुणी दुकानात आलं नाही. वहिनी मीठसुद्धा समोरच्या दुकानातून नेतात. माझ्या दुकानावरून जाताना पदर सारखा करतात आणि सरळ बघतात. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या, त्यावर एखादा विनोदही केला असता. म्हणूनच दिल्या नसतील.

मग ग्रामसभेत उभा राहिलो. सांगितलं, की बोर्ड खोटा आहे. यादीत एक नाव माझ्या हातानं भरलंय आणि तो माणूस आता नाही. मागे कुणीतरी सवयीनं हसलं. शेठ उभा राहिला म्हणजे काहीतरी गंमत असणार. मग त्याचं हसू थांबलं. मी तुझं बिबट्याचं आणि पिंजऱ्याचं बोलणं, येईल तसं, सांगितलं. म्हातारीचं सांगितलं. वळणावर गाडी हळू करायचास तेही. गोळ्या बाजाराच्या दिवशी, आणि चुकली त्याच्या घरी खेप, असा तुझा ठराव सव्वा वर्षानं झाला. उपकेंद्र ज्यांच्याकडे आहे त्या सरकारी डॉक्टरसाहेबांनीही लगेच हो म्हटलं. इतकं सोपं होतं, सोपान. एक वार बदलायचा होता.

सरपंच म्हणाले, "शेठ, खरं सांगितलंत, विषय संपला." मंगलताई उठली. "संपला कसा? दंड नको?" सभेनं विचारलं, काय दंड? ती म्हणाली, "शेठच्या दुकानात जो मीठ मागंल, त्याला शेठनं आधी इचारायचं, गोळी घेतली का. मगच मीठ तोलायचं." मंजूर झालं. बोर्ड उतरवायला स्टुलावर मीच चढलो.

आता माझं दुकान कसं चालतं ते ऐक, तुला आवडेल. माणूस म्हणतो, एक किलो मीठ. मी म्हणतो, गोळी घेतली का? तो म्हणतो, "शेठ, मी पंचवीस वर्षांचा हाय." मी म्हणतो, आईनं घेतली का? परवा एकानं वैतागून सांगितलं, "राव, तुमच्याकडं मीठ घ्यायचं म्हंजे कोर्टात साक्ष द्यायची." पण तिघीचौघी अशा निघाल्या की गोळी संपून महिना झाला होता. त्यांना बाजाराच्या दिवशी धाडलं. तो 'मीठ कमी खा'चा कागद तिथेच आहे. खिळा हलवला नाही. आता त्याच्याकडे बघून हसणारं कुणी नाही, म्हणून मीच कधीतरी मोठ्यानं वाचतो.

काल बाजार होता. मी गल्ल्याच्या खालच्या खणातून माझं कार्ड काढलं, दीडशेच्या वरचं, आणि उपकेंद्राच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. आयंबिलाची ओळी चालू नाही, सकाळी आमटीभात खाल्लेला, मीठ होतं तेवढं रक्तात होतं. ओट्यावर तेच टेबल, तीच खुर्ची, बाई नवी. दोन माणसं सोडून मागे कुणीतरी खोकलं आणि मला न वळताच कळलं की सरूवहिनी आहेत. मंगलताईनं त्यांना आणलं असणार. तुझ्यानंतर त्यांचंही मोजायचं राहिलं होतं.

खुर्चीवर बसलो. डावी बाही वर केली. बाईनं रजिस्टर उघडलं, पेन उचललं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नाव?"

खरं सांगतो, माझ्या तोंडातून नाव निघेना. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा मला माझं नाव सांगायची भीती वाटली. बाईनं मान वर केली आणि पुन्हा विचारलं, "काका, नाव सांगा ना."

मी काही बोलायच्या आत, महिन्याभरात पहिल्यांदा, मागून सरूवहिनी बोलल्या. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा.

"बाई, ह्या माणसाचं आधी आधार कार्ड बघा. ह्यो दुसऱ्याच्या नावानं हात देतो."